पानगळ जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, शिरीष, कडुनिंबाखाली पाचोळ्याचा थर साचतो. घरच्या कंपोस्टची वर्षभराची बेगमी करण्याचे दिवस हेच. डबा सडतो, वास मारतो, तो बहुतेक वेळा कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) नसल्यामुळे नव्हे, तर कोरडा माल कमी पडल्यामुळे. आणि नेमका पावसाळ्यात, ओला कचरा जास्तच ओला असताना, कोरडं पान मिळत नाही.

चौघांच्या घरातून रोज साधारण अर्धा किलो भाजीचा ओला कचरा निघतो. एक वाटी ओल्याला दोन वाट्या चुरलेला पाला, या हिशोबाने जून ते सप्टेंबरसाठी तीन-चार मोठी पोती लागतात. पाला कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पायाने चुरा आणि पोती विटांवर, छपराखाली ठेवा. जमिनीला टेकलेल्या पोत्याला वाळवी लागते. आंबा, फणसाची जाड पानं बारीक केल्याशिवाय घेऊ नका, ती महिनोन्‌महिने तशीच राहतात. निलगिरीची तर नकोतच.

रंगाचे 20 लिटरचे रिकामे डबे स्वच्छ धुऊन घ्या. एक भरायला, दोन मुरायला, असे तीन लागतात. तळाला आणि बाजूंना 6 ते 8 मिलिमीटरची भोकं पाडा, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर द्या. पहिल्या दिवशी दोन मुठी जुनं कंपोस्ट किंवा वाटीभर आंबट ताक पुरतं, बाजारचं कल्चर विकत घ्यायची गरज नाही. भाजीची देठं बोटाच्या पेराएवढी चिरून टाका, प्रत्येक थर पाल्याने झाका, आठवड्यातून दोनदा तळापासून ढवळा. तेलकट उरलेलं अन्न, मांस-मासे टाकू नका.

ओलावा हातानेच कळतो. मूठभर माल घट्ट दाबला की एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवा. मुंग्या झाल्या म्हणजे डबा सुकला आहे, पाणी शिंपडा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, तेव्हा ढवळा. नाकाला झोंबणारा वास आला तर ओला माल जास्त झाला आहे. पांढुरक्या-तपकिरी जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात.

डबा भरल्यावर 45 ते 60 दिवस मुरू द्या. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत गेलं की ते मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. शंका असेल तर वाटीभर खतात मेथीचे 20 दाणे पेरा. आठवड्यात 15-16 तरी नीट उगवले नाहीत, तर आणखी पंधरा दिवस थांबा.

या हंगामात कुंडीत भेंडी, गवार, चवळी लावा. थंडी ओसरल्यावरच पेरा, गारठ्यात भेंडीचं बी जमिनीतच कुजतं. बी रात्रभर भिजवा, 12 इंची कुंडीत तीन दाणे टोकून जोमदार रोप एकच ठेवा. मिश्रण दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि 50 ग्रॅम निंबोळी पेंड. फुलं 40-45 दिवसांत येतात. फळं एक दिवसाआड तोडा, कारण एखादी जून झालेली भेंडी झाडावर राहिली की पुढचा बहर मंदावतो.

उन्हाळी भेंडीचा खरा शत्रू म्हणजे केवडा हा विषाणूजन्य रोग. पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या की उपाय नाही. ते रोप उपटा, पण कंपोस्टमध्ये टाकू नका. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून पिवळे चिकट सापळे आधीच लावा. शिवाय दर दहा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून. फवारणी संध्याकाळी करा, दुपारी केली तर पानं करपतात.

पोत्यांतला थोडा पाला आत्ताच कुंड्यांवर दोन इंच पसरा. खोडाभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो.