लेथमधून भलताच आवाज येतोय? पान्याला हात लावण्याआधी कान लावा

माझ्या लेथच्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या मशीनच्या, हेडस्टॉकमधून (तुकडा फिरवणाऱ्या डोक्यातून) एकदा टकटक सुरू झाली. बेअरिंगच गेलं असं मनाशी पक्कं करून मी दोन संध्याकाळी घालवल्या, हेडस्टॉक उघडला, नवं बेअरिंग बसवलं. मशीन चालू केलं, तर टकटक होती तशीच. दोष होता बेल्टमध्ये. मशीन बरेच महिने बंद पडून होतं, त्या काळात पुलीवर वाकलेल्या जागी बेल्ट कडक झाला होता. लेथचा बेड ओतीव लोखंडाचा. त्यातून एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. म्हणून आवाज कुठून येतो यावर फार विसंबू नका. तो कशाच्या लयीत येतो, ते शोधा.

आधी फालतू कारणं बाद करा. चक म्हणजे तुकडा पकडणारा फिरता भाग. तो रिकामा असला की त्याचे जॉ (पकडणारे जबडे) हळू वेगात खडखडतात. त्यात एक आखूड गोल बार घट्ट पकडा आणि पुन्हा ऐका. चिप ट्रेमध्ये (धातूचा कीस पडतो त्या तसराळ्यात) पडलेला पाना काढा. बेल्टच्या कव्हरला बाहेरून लाकडी काठीनं दाबून पाहा. आवाज थांबला तर एखादा स्क्रू आवळला की काम संपलं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा तरी अनुभव आहे.

मग बटण बंद करा आणि चक थांबेपर्यंत ऐका. वीज तुटताच आवाज गप्प झाला, पण चक अजून फिरतोय, तर तो मोटरचा विजेचा गुणगुणाट आहे. वेगाबरोबर आवाजही मंदावत गेला तर दोष फिरणाऱ्या भागात. सिंगल फेज मोटर थांबता थांबता एकदाच ‘चक्’ करते, तो आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचचा (वेगानुसार उघडबंद होणाऱ्या स्विचचा) आवाज असतो. त्याची काळजी नको.

आता ठोके मोजा. चकवर खडूची रेघ मारा, मशीन सर्वात कमी वेगावर ठेवा. १२० आरपीएमला (मिनिटाला १२० फेऱ्या) रेघ सेकंदाला दोनदा समोरून जाते. प्रत्येक रेघेला एक टक, तर दोष चकमध्ये, स्पिंडलवर (चक बसतो त्या दांड्यावर) किंवा स्पिंडलच्या गिअरवर. वेग जास्त असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून सावकाश लावा. माझ्या मशीनचा हिशेब असा: मोटर १४४० आरपीएम, तिची पुली ६० मिलिमीटर, बेल्ट ९०० मिलिमीटर. पुलीचा घेर साधारण १८८, म्हणजे बेल्टची एक फेरी होईपर्यंत मोटरच्या जवळजवळ पाच होतात. मोटर सेकंदाला २४ फेऱ्या घेते, म्हणजे बेल्ट सेकंदाला साधारण पाच फेऱ्या मारतो. माझी टकटक सेकंदाला पाच होती आणि चक फिरत होता सेकंदाला आठ वेळा. हे आधी मोजलं असतं तर बेअरिंगला हातही लागला नसता. बेल्ट पुलीच्या घेरापेक्षा लांबच असतो, त्यामुळे त्याची लय दोन्ही पुल्यांपेक्षा मंद. अशी टकटक दहा मिनिटं चालवल्यावर विरत गेली तर बेल्टवर संशय आणखी पक्का.

लय सापडली नाही तर मशीन तुकड्यातुकड्यानं वेगळं करत जा. फीडचे (टूल आपोआप पुढे सरकवणारे) गिअर सोडवा आणि ऐका. मग प्लग काढून बेल्ट उतरवा, कव्हर लावा आणि नुसती मोटर चालवा. आवाज तसाच असेल तर मोटरच्या पंख्याची जाळी घासतेय का, मोटरचं बेअरिंग ओरडतंय का ते बघा. नसेल तर पुन्हा प्लग काढा आणि मोकळा स्पिंडल हातानं फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खराब झालेलं बोटांना वाळू चावल्यासारखं लागतं. त्याची घरघर चकच्या फेरीशी नीट जुळतही नाही, हीच त्याची खूण.

खात्रीसाठी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) बेडवर लावून टोक चकच्या अंगाला टेकवा आणि लाकडी दांड्यानं चक हलकेच वर उचला. एक-दोन शतांश मिलिमीटर हललं तर चालतं. पाच-सहा झालं तर बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा) वाढलाय. प्रीलोडचा (बेअरिंगवर ताण ठेवणारा) नट थोडाथोडा आवळा. आवळल्यावर अर्ध्या तासात हेडस्टॉकला हात ठेववत नसेल, तर जास्त आवळलात.

चेंज गिअरची (फीडसाठी बदलता येणाऱ्या गिअरची) कडकड बहुतेक वेळा दात फार जवळ किंवा फार लांब असल्याची. दातांच्या बुडाशी अडकलेली चिप काढा. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घालून, दाबून, बोल्ट आवळा. मग गिअर फिरवून पट्टी काढा. ती चुरगळलेली, पण न फाटता निघाली की अंतर बरोबर. एकाच जागी टक येत असेल तर तिथला दात तुटलाय का ते बघा.

हे सगळं करताना बाह्या वर, हातमोजे नकोत, चकची चावी काम झालं की लगेच बाहेर.

आणि आवाज फक्त कटिंग करतानाच येत असेल, तर वरचं काहीच उघडू नका. ती चॅटर, म्हणजे कापताना टूल थरथरण्याचा आवाज. टूल त्याला पकडणाऱ्या पोस्टाबाहेर जेवढं कमी काढता येईल तेवढं कमी काढा, त्याची टीप सेंटरच्या (चकच्या मध्याच्या) उंचीला आणा, क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) गिब, म्हणजे ढिलेपणा घालवणाऱ्या पट्ट्या, आवळा आणि वेग कमी करा. फीड मात्र वाढवून बघा. नवखा माणूस नेमका तोच कमी करतो आणि किंचाळी आणखी वाढते.