‘स्मोक ऑन द वॉटर’ नीट वाजवायचंय? आधी तो पिक खिशात ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला इचलकरंजीहून, पाठीवर नवीन गिटार, आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणतोय मामा ऐक. सगळ्यात जाड तारेवर एक बोट सरकवत डँ डँ डँ, डँ डँ डडँ. म्हटलं चुकलं की रे. पोराचं तोंड एवढंसं झालं. "ओळखू तर येतंय की मामा!" आता येतंयच ओळखू, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्याचा हाच तर घोळ आहे, कसंही बडवा, लोक ओळखतात, त्यामुळं नीट शिकायच्या भानगडीत कुणी पडतच नाही. जगभरातली नवशिकी पोरं गिटारच्या दुकानात शिरली की पहिलं हेच वाजवतात, आणि त्यातली बरीचशी असंच एका तारेवर.

तर पुढचे आठ दिवस त्याला जे शिकवलं ते इथं लिहून ठेवतोय. गाणं कसं जन्माला आलं ते पण मधेमधे येणार, त्याशिवाय हे गाणं वाजवण्यात काही मजा नाही.

सगळ्यात आधी गिटारच तपासा. भाच्याची गिटार ज्या दुकानातनं घेतली त्यांनी तारा एवढ्या उंच ठेवून दिल्या होत्या की खालनं उंदीर पळाला असता, आणि पोराला वाटतंय आपलीच बोटं कमजोर. एखाद्या जाणत्या माणसाकडनं सेटिंग करून घ्या, मग ट्यूनर अ‍ॅपवर सहाही तारा लावा. हे झालं की पुढं.

आता मुद्द्याचं. हा रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा हा सुरांचा तुकडा, एका तारेचा नाहीच, दोन तारांचा आहे, बारीक तारेकडनं मोजून चौथी आणि तिसरी, म्हणजे डी आणि जी. दोन्ही मोकळ्या सोडून एकदम छेडा. ऐकल्यासारखं वाटतंय का? मिरजेत तानपुरे बनतात, आपल्याकडं घरटी एखादा तरी गाणं शिकलेला असतो, त्यांना लगेच कळेल. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचम आणि दुसरी षड्ज, तीच ही जोडी, खाली प आणि वर सा. डीप पर्पलच्या गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरनं स्वित्झर्लंडात बसून जे वाजवलं त्याची सुरुवात आपल्या तानपुऱ्याच्या जोडीनं होते, आता त्याच्या डोक्यात तानपुरा असण्याचा काही संबंध नाही, पण आपल्याला लक्षात ठेवायला सोपं जातं.

त्याच जोडीवर एक बोट आडवं टाकायचं आणि सरकवायचं. मोकळी, तिसरा पडदा (दांडीवरची आडवी पट्टी, इंग्रजीत फ्रेट), पाचवा. परत मोकळी, तिसरा, सहावा, पाचवा. मग मोकळी, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळी. संपलं. सरगममधे सांगायचं तर उंच सुराची जी तार सा, कोमल ग, म, मग सा, कोमल ग, तीव्र म, म, आणि शेवटी सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. तो तीव्र म आहे ना, सहाव्या पडद्यावरचा, तो चाटून लगेच शुद्ध म वर उतरायचं, तिथं थांबलात तर जेवताना खडा लागल्यासारखं होतं. घरात गिटार नसेल आणि पेटी असेल तरी जमतंय, पांढरी पाच सा धरा, वरनं पांढरी पाच, काळी पाच, पांढरी एक, काळी एक अशा पट्ट्या येतील आणि त्यांच्या जोडीला खाली पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार. आमच्या आईनं पेटीवर काढून दाखवलं तेव्हा भाचा गिटार खाली ठेवून बघतच राहिला, लई भारी दिसत होतं ते.

पडदे पाच मिनिटांत पाठ होतात, खरी गंमत लयीत आहे आणि नव्वद टक्के पोरं इथंच आपटतात. गिटार बाजूला ठेवा, एक दोन तीन चार अशा सारख्या टाळ्या द्या आणि तोंडानं म्हणा. पहिले तीन ठोके बरोब्बर टाळीवर, एक, दोन, तीन. त्यानंतरचे मोकळी, तिसरा, सहावा हे तिन्ही टाळीवर नाहीत, दोन टाळ्यांच्या मधल्या फटीत आहेत, चौथ्या टाळीच्या नंतर, मग पुढच्या पहिलीच्या नंतर, मग दुसरीच्या नंतर, आणि मग तो पाचवा पडदा दाणकन तिसऱ्या टाळीवर. शेवटच्या ओळीत पुन्हा तीन टाळीवर आणि उरलेले दोन फटीत. भाच्याचे सगळेच टाळीवर पडत होते म्हणून ते लेझीमसारखं वाटत होतं. लेझीम वाईट नाही, पण हे ते नाही. आम्ही दोघं कोल्हापुरातल्या आमच्या रंकाळा तलावाला एक चक्कर मारली, पावलं म्हणजे टाळी आणि तोंडानं रिफ, लोक बघत होते, बघू देत. शालिनी पॅलेसजवळ आलो तोवर पोराला सापडलं.

आता पिक, म्हणजे तारा छेडायची ती छोटी चकती. ब्लॅकमोर हा रिफ पिकनं वाजवत नाही, बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो. पिकनं मारलं की एक तार आधी वाजते आणि दुसरी मागनं येते, केसभराचा फरक असतो पण कानाला कळतो, बोटांनी उचललं की दोन्ही एकत्र टणकन येतात आणि पटकन दाबून बंद पण करता येतात. अंगठा डी वर, तर्जनी जी वर, चिमटीनं मीठ उचलल्यासारखं. अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटाऱ्याचा, खरखराट कमी ठेवा, पोरं नॉब पार टोकाला नेतात आणि मग दोन सुरांचा नुसता चिखल होतो. आणि तुमचा आवाज रेकॉर्डपेक्षा पातळ वाटला तर नाराज होऊ नका, तिथं गिटारच्या जोडीला जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तेच सूर वाजवतोय, आणि तो पण गिटारसाठी असलेल्या मार्शल अ‍ॅम्पमधनं. एकट्या माणसाला ते जाडपण कुठनं येणार? रेकॉर्ड लावून नीट ऐका, आधी नुसती गिटार, मग इयान पेसची हाय-हॅट (ड्रमबरोबरची झांजेची जोडी) आणि ऑर्गन, मग ड्रम भरून येतो, आणि रॉजर ग्लोव्हरचा बेस सगळ्यात शेवटी शिरतो. तो बेस येतो तेव्हा पोटात काहीतरी होतं.

आता गायचं असेल तर. बँडच्या गायकासारखं, इयान गिलनसारखं, ओरडायच्या आधी शब्दांचा अर्थ माहीत पाहिजे, भाच्याला वाटायचं की पाण्यावरचा धूर म्हणजे काहीतरी रोमँटिक, हिवाळ्यात सकाळी रंकाळ्यावर धुकं उतरतं ना तसलं, त्यानं तर तसली रील पण टाकली होती, मागं हेच गाणं. म्हटलं बाळा, ते धुकं, हा धूर, आणि यात रोमँटिक काही नाही, ही जळिताची बातमी आहे.

झालं असं. डिसेंबर १९७१, डीप पर्पल स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावात आले, जिनिव्हा सरोवराच्या काठी. तिथला कसिनो हिवाळ्यात बंद राहणार होता, तो रिकामा झाला की आत बसून अल्बम रेकॉर्ड करायचा असा बेत, आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ भाड्यानं आणलेला. बंद व्हायच्या आधी शेवटचा एक कार्यक्रम होता, ४ डिसेंबरला, अमेरिकन रॉकवाला फ्रँक झप्पा आणि त्याच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडचा. चालू कार्यक्रमात प्रेक्षकातल्या कुणा दीडशहाण्यानं छताकडं फ्लेअर गन झाडली, फ्लेअर गन म्हणजे जहाजावर मदत मागायला उडवतात तो बार, आणि छत पेटलं. अख्खा कसिनो गेला. माणूस एकही गेला नाही हे नशीब, आणि नुसतं नशीब तरी कसं म्हणायचं, माँट्रो जाझ फेस्टिव्हल सुरू करणारा क्लॉड नोब्ज स्वतः आत पळत पोरांना बाहेर काढत होता. गाण्यात ‘फंकी क्लॉड’ म्हणून जो येतो तो हाच. झप्पाचं सगळं सामान जळालं, आणि बिचाऱ्याचे ग्रह एवढे फिरलेले की सहाच दिवसांनी लंडनमधे एका प्रेक्षकानं त्याला स्टेजवरनं खाली ढकललं आणि तो जबर जखमी झाला. असो. डीप पर्पलची मंडळी काठावरनं बघत होती, आणि धूर सरोवराच्या पाण्यावर पसरत चालला होता.

आता बेघर झालेल्या बँडला नोब्जनं पॅव्हिलियन नावाचं एक जुनं थिएटर मिळवून दिलं. तिथं रात्री हा रिफ जमला, नुसती चाल, शब्द नाहीत. आवाज एवढा की आजूबाजूचं गाव जागं झालं आणि पोलीस आले, आणि ही माझी आवडती गोष्ट आहे, बँडची सामान उचलणारी पोरं आतनं दरवाजा धरून उभी, पोलीस बाहेरनं धडाधडा ठोकतायत, आणि आत टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचा तो एक फेरा, पूर्ण होतोय. तो झाला आणि यांना तिथनं हाकललं.

मग गावाबाहेरचं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद, थंडगार. त्याच्या कॉरिडॉरमधे गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि बाकीचा अल्बम तिथं केला. रेकॉर्ड केलेलं ऐकायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत ट्रकपर्यंत जायला लागायचं, शेवटी कंटाळून यांनी ऐकायचंच सोडलं. शेवटी अल्बमला एक गाणं कमी पडायला लागलं तेव्हा पॅव्हिलियनमधली ती बिनशब्दांची चाल आठवली. ग्लोव्हर एका सकाळी झोपेतनं उठला तो तोंडात हे तीन-चार शब्द घेऊनच, गिलनला सांगितलं तर त्याला ते ड्रग्जचं गाणं वाटलं. पण मग दोघांनी जे घडलं ते सरळ लिहून काढलं, आलो, पेटलं, हाकलले गेलो, थंडीत कुडकुडत रेकॉर्ड केलं. अलंकार काही नाही. म्हणून गाताना पण नाटक करू नका, चावडीवर माणूस काल काय झालं ते सांगतो तसं सांगा, ओरडायचं ते फक्त ध्रुवपदात.

आणि यांना स्वतःला तरी कुठं कळलं होतं? तो अल्बम, ‘मशीन हेड’, मार्च १९७२ मधे आला तेव्हा सिंगल म्हणून, म्हणजे सुटं विकायला, ‘नेव्हर बिफोर’ काढलं होतं, ते आज किती जणांना आठवतं? हे गाणं सिंगल म्हणून आलं १९७३ मधे, आणि अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

एवढं सांगून पण भाचा ते शब्द शाळेतली कविता म्हटल्यासारखाच म्हणत होता. मग त्याला खासबागेकडं घेऊन गेलो. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा मी तिथं गर्दीत उभा होतो. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, कुठल्या तरी नाटकात पूर्वी कामं केलेले, ते नुसते एवढंच म्हणत होते, "तिथं डाव्या विंगेत आरसा होता... आरसा होता तिथं." दुसरं काहीच नाही. भाच्याला हे सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता, मग येताना गाडीवर मागं बसून गुणगुणायला लागला आणि पहिल्यांदा ते बरोबर वाटलं. सूर नाही हां, सूर अजून बोंबच आहे.

शेवटचं, सरावाचं. फ्लॅटमधे अ‍ॅम्प लावणार असाल तर आवाज बाहेर जाणारच. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला बेल वाजली, वरच्या काकू. भाचा दारच धरून उभा राहिला की, म्हणतो मामा टेक पूर्ण कर! काकूंना आत घेतलं, चहा दिला, माँट्रोची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मग तुम्ही पण गाद्या लावा." लावल्या. कापसाच्या जुन्या गाद्या फोमपेक्षा भारी काम करतात, अ‍ॅम्पच्या समोर एक आणि दाराला एक उभी टेकवायची, खालनं फट राहिली तर उशी कोंबायची. आमच्याकडं एकच निघाली म्हणून दुसरी काकूंनीच दिली, परत देताना उन्हात घालून द्यायची या बोलीवर.