बीम कुठून सोडायचा? गणितातून रेडिओथेरपीकडे वळणाऱ्यांसाठी

गणितात एम.एस्सी. करणारी मुलं मला विचारतात, कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये ऑप्टिमायझेशनला काय काम? मी आधी हिशेबच मांडते. ट्यूमरला पूर्ण डोस मिळावा आणि निरोगी भाग वाचावा, म्हणून बीम, म्हणजे किरणांचा झोत, कुठल्या दिशांनी सोडायचा हे ठरवायचं असतं. मशीनची गॅन्ट्री, म्हणजे झोत सोडणारा हात, पेशंटभोवती पूर्ण फिरते. दर १० अंशांवर एक जागा धरली तर ३६ दिशा. त्यांतल्या ५ निवडायच्या तर पर्याय ३,७६,९९२. एका पर्यायाला एक मिनिट लागतं म्हटलं, तरी सगळे तपासायला साधारण २६२ दिवस. दर ५ अंशांवर जागा धरून ७ बीम निवडायचे म्हटलं की आकडा १४७ कोटींपुढे जातो. आणि पेशंटचे शेक (रेडिएशनच्या बैठका) तर पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचे असतात.

या प्रश्नाला दोन थर आहेत. दिशा ठरल्या की आतला थर बराच सरळ आहे. प्रत्येक बीमचे साधारण ५ मिमीचे चौकोनी तुकडे पाडायचे, म्हणजे बीमलेट. कुठल्या बीमलेटमुळे शरीरातल्या कुठल्या व्हॉक्सेलला (स्कॅनमधल्या छोट्या घनाला) किती डोस पोचतो, याचं एक अवाढव्य, बहुतेक शून्यांनीच भरलेलं मॅट्रिक्स आधी काढून ठेवतात. बीमलेटची तीव्रता हे आपलं चल. हव्या डोसपासून जितकं लांब, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात दंड लावला की प्रश्न कॉन्व्हेक्स होतो (वाटीसारखा, फसवे तळ नसलेला) आणि मुकाट सुटतो.

खरी गंमत बाहेरच्या थरात. दिशा चालू की बंद, म्हणजे १ की ०. एकेक दिशा वाढवत नेणारी ग्रीडी पद्धत बरी चालते, पण एकटी असताना उत्तम वाटणारी दिशा इतरांच्या सोबतीत फुकट जाऊ शकते. बरोबर समोरासमोरचे दोन बीम एकाच वाटेवरच्या निरोगी भागातून जातात, म्हणून समान अंतरावर बीम ठेवायचे तर बहुधा ५, ७, ९ असे विषम घेतात. मिक्स्ड इंटिजर मॉडेल (काही चलं ०-१, बाकीची सलग) लिहिणार असाल तर 'बिग-एम'वर, म्हणजे बंद दिशेची तीव्रता शून्यावर ठेवणाऱ्या अटीतल्या मोठ्या आकड्यावर, लक्ष ठेवा. आळसाने तिथे १०,००० टाकलं, तर रिलॅक्सेशनमध्ये (०-१ मधले अपूर्णांकही चालवले की) सगळ्याच दिशा इवल्याइवल्या उघड्या राहतात, खालची मर्यादा कुचकामी होते आणि सॉल्व्हर रात्रभर घुमत बसतो. बीमलेटची तीव्रता प्रत्यक्षात कुठवर जाऊ शकते ते पाहून एम आवळा.

याच प्रश्नावर जेनेटिक अल्गोरिदम, सिम्युलेटेड अॅनिलिंग वगैरेंचे पेपर पोत्याने आहेत. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी त्यात भर घालू नका, प्लॅनिंग रूममध्ये जाऊन बसा. डोक्या-मानेच्या कॅन्सरचा एक प्लॅन बघत होतो. ३५ शेकांत ७० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक), लाळग्रंथींचा सरासरी डोस २५ ग्रेच्या खाली, मज्जारज्जूही सुरक्षित. कॉस्ट फंक्शन, म्हणजे दंडांची बेरीज, खूश. फिजिसिस्ट सरांनी स्क्रीनवर दोन बीमवर बोट ठेवलं. "मॅडम, हे खांद्यातून चाललेत. पेशंट ३५ दिवस खांदे इथेच ठेवणार आहे का?" खांदा थोडा वरखाली झाला की त्या बीमचा डोस बदलतो, आणि मॉडेलकडे मात्र एकाच दिवसाचा सीटी स्कॅन असतो. अशी अट कागदावर कुणी लिहून देत नाही, ती विचारून घ्यावी लागते. बीम गॅन्ट्रीच्या नेहमीच्या प्रतलाबाहेरून घ्यायचे तर गॅन्ट्री काउचला (पेशंटच्या टेबलाला) आपटणारे कोन आधीच यादीतून काढायचे, हीसुद्धा त्यातलीच.

व्हीमॅट हे तंत्र आल्यापासून मशीन फिरता फिरताच डोस देतं, मग कोन निवडायचे कशाला, असं ऐकाल. नेहमीच्या प्लॅनपुरतं त्यात तथ्य आहे. पण प्रोटॉनच्या झोताने केलेल्या उपचारात (आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात ती सोय आहे) बहुधा दोन-चारच दिशा वापरतात, त्यामुळे प्रत्येक दिशेला किंमत येते. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, पण ती खोली काही टक्क्यांनी चुकू शकते. गणिताला सर्वात आवडलेला कोन नेमका ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) उंबऱ्यावर थांबत असेल तर प्लॅनर तो नाकारतो. ही अनिश्चितता मॉडेलमध्ये घालणं, म्हणजे रोबस्ट ऑप्टिमायझेशन, यात गणितवाल्यांना खरंखुरं काम आहे.

नोकरीचं आधीच सांगून ठेवते. हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट व्हायला एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनुसार भौतिकशास्त्राची पदवी, रेडिओलॉजिकल फिजिक्सचं शिक्षण (बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, डिप्लोमा त्यासाठीच प्रसिद्ध आहे) आणि इंटर्नशिप लागते. नुसत्या गणितावर ते पद मिळत नाही. आपल्यासाठी वाट पीएच.डी.ची किंवा प्लॅनिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांची.

सुरुवातीला हायडेलबर्गच्या जर्मन कॅन्सर संशोधन केंद्राचं मॅटरॅड हे प्लॅनिंग सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे. त्यात टीजी-११९ नावाचा नमुना आहे: सी आकाराचं लक्ष्य, आणि त्याच्या कुशीत अर्धा सेंमी अंतर राखून १ सेंमी त्रिज्येचा गाभा, जो वाचवायचा. ७२ अंशांच्या अंतराने ५ बीम ठेवा, मग अख्खा संच थोडाथोडा फिरवत गाभ्याचे डोस-व्हॉल्यूम आलेख (किती भागाला किती डोस) एकावर एक काढा. त्यानंतर समान अंतराचा हट्ट सोडून स्वतःचे पाच कोन निवडा आणि आधीच्यांतल्या सर्वात चांगल्या आलेखाला हरवता येतं का बघा.