जुन्या मस्टँगला एक्सप्लोररचा एक्सल बसवायचाय?

१९६५-६६ च्या मस्टँगमध्ये तगडं व्ही-८ टाकलं की मूळचा ८ इंची (आतल्या मोठ्या रिंग गिअरचा व्यास) मागचा एक्सल कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि ९ इंची घ्यायला गेलं की खिसा रिकामा. त्यापेक्षा जंकयार्डात १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची एक्सल शोधा, ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ खाचांचे) शाफ्ट आणि डिस्क ब्रेक आयतेच मिळतात. कव्हरच्या बोल्टखाली टॅग असतो, त्यावर ३एल७३ (3L73, म्हणजे ३.७३ गिअर रेशो) दिसलं तर सोडूच नका, मधला एल म्हणजे लिमिटेड स्लिप, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल.

फक्त एक्सलची डावी नळी (शाफ्टवरचं कवच) लांब पडते. त्यासाठी खास शाफ्ट बनवून घेऊ नका:

१. दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा, म्हणजे आखूड शाफ्ट आणा, तो डावीकडे बसवायचा.
२. डावा-उजवा शाफ्ट शेजारी ठेवून फरक मोजा (साधारण ३ इंच), डावी नळी तेवढीच कापा आणि टोक एकदम सरळ धरून वेल्ड करा.
३. जुने स्प्रिंग पॅड (स्प्रिंगच्या पाट्या टेकतात ते) ग्राइंडरने उडवा, नवे आधी नुसते टॅक करा (वेल्डचे ठिपके मारा), गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा (ड्राइव्हशाफ्ट जोडला जातो त्या गिअरचा) अँगल बघा, मगच पक्कं.

पण वेल्डिंग एका दमात मारू नका हां, नळी वाकते, थोडं थोडं समोरासमोर मारा आणि मध्ये गार होऊ द्या. ड्राइव्हशाफ्टचं (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याचं) माप सगळ्यात शेवटी.