डीव्हीची प्रोटेक्शन ऑर्डर पक्की कशी करून घ्यायची

घरगुती हिंसाचाराच्या (डीव्ही) केसमध्ये कोर्टाने दिलेली संरक्षणाची ऑर्डर हातात आहे, तरी नवरा ऑफिसच्या गेटवर येऊन उभा राहतो आणि पोलीस म्हणतात, मॅडम यात ऑफिसचं कुठे लिहिलंय. ताईंनो, हे होऊ द्यायचं नसेल तर सगळी मेहनत कोर्टातल्या अर्जातच घ्या.

घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १८ नुसत्या मारहाणीपुरतं नाही, पण जे हवं ते स्पष्ट मागावं लागतं. समजा तुम्ही कळव्याला माहेरी आहात, नोकरी महापेला, मुलगी ऐरोलीच्या शाळेत, तर तिन्ही ठिकाणं पत्त्यासकट लिहायला लावा. कॉल, व्हॉट्सॲप, इन्स्टा, मित्राच्या नंबरवरून येणारे मेसेज, सगळं. आईवडिलांना किंवा साथ देणाऱ्या मैत्रिणीला धमक्या येत असतील तर त्यांचीही नावं टाका. आणि लॉकर, जॉइंट अकाउंट, स्त्रीधन राहूनच जातं बघा, त्याला तुमचे दागिने परस्पर विकता येऊ नयेत हेही याच कलमात मागता येतं.

धोका असेल तर थांबू नका, कलम २३ खाली ॲफिडेव्हिट देऊन त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच तात्पुरती ऑर्डर मागता येते. वकिलाला पैसे नसतील तर ठाणे कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा १५१०० ला फोन करा, बायकांना पगार कितीही असला तरी वकील फुकट मिळतो.

आता कॉपीचं. कायद्याने कोर्ट पोलीस स्टेशनला फुकट कॉपी पाठवतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. कळवा ठाणे शहर पोलिसांकडे, ऐरोली-महापे नवी मुंबई पोलिसांकडे, म्हणजे आयुक्तालयं दोन, एकीकडची ऑर्डर दुसरीकडे कोणाला माहीतच नसते, म्हणून प्रत्येक स्टेशनला स्वतः जाऊन द्या आणि आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घ्याच. शाळेत आणि ऑफिसच्या सिक्युरिटीलाही एकेक.

त्याने ऑर्डर मोडली तर ११२. तक्रारीत ऑर्डरची तारीख आणि नेमका कुठला मुद्दा मोडला ते लिहा, स्क्रीनशॉटमध्ये नंबर-वेळ दिसू दे, मूळ मेसेज डिलीट करू नका. कलम ३१ आणि ३२ प्रमाणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तात्पुरती ऑर्डर मोडली तरी तेच, त्यामुळे कोणी "घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या" म्हणालं तर हीच कलमं दाखवा. तरी घेतलं नाही तर डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) लेखी द्या आणि मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज टाका.

घर किंवा नोकरी बदलली तर कलम २५ खाली ऑर्डरमध्ये बदल मागा, आणि तो झाल्यावर नव्या कॉपी घेऊन परत सगळ्या स्टेशनला जा.