मराठी-इंग्रजी एकाच पानावर लावताना या चुका टाळा

भाषा बदलणं म्हणजे नुसता फॉन्ट बदलणं नाही, हे नव्या पोरांच्या डोक्यात काहून शिरत नाही समजत नाही. क्रुतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये जे मराठी दिसते ते आतून इंग्रजी अक्षरंच असतात, ‘म’ म्हणजे इंग्रजी ‘e’चं बटन, मग कंट्रोल-ए मारून मंगल हा युनिकोड फॉन्ट लावला की पानभर कचरा. आधी कन्वर्टरनं युनिकोड करा, म्हणजे आतूनही खरी देवनागरी अक्षरं येतात, मगच इनडिझाईनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या.

आणि कन्वर्ट झालं म्हणजे काम झालं असंही नाही. मागे एका शेतकरी मेळाव्याची स्मरणिका आली होती, मजकूर मराठी आणि मधेमधे बियाण्या-औषधांची नावं इंग्रजीत. कन्वर्टर हिंदीच्या हिशोबानं बनलेला, त्यानं वऱ्हाडचं ‘वर्हाड’ अन् शेतकऱ्यांचं ‘शेतकर्यांचं’ करून ठेवलं. टायपिंगच्या पोराला म्हटलं, बाबू, एकेक पाहून सुधर. त्याले घरी जायची घाई, त्यानं सगळ्या ‘र्य’चं एका झटक्यात ‘ऱ्य’ करून टाकलं. शेतकरी सुधरले पण ‘कार्यशाळा’ची ‘काऱ्यशाळा’ झाली, ‘आचार्य’चे ‘आचाऱ्य’ झाले, आणि हे दिसलं कधी तर पहिला फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा) छापून झाल्यावर, अध्यक्षांच्या मनोगतात, पहिल्याच ओळीत! कागद गेला, प्लेटा गेल्या, पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाईकाच्या शिव्या वेगळ्या.

माझी सवय सांगतो. ‘चेंज ऑल’ला हात लावायचा नाही, ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधायचे आणि एकेक वाचून बदलायचे, वेळ लागतो तर लागू द्या. ‘ऱ्य’ टाकताना खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग य, साधा र घेतला की रफार डोक्यावर चढलाच.

वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षर फुटते? फॉन्ट बदलत बसू नका, इनडिझाईनच्या पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत कंपोझर (ओळी-अक्षरं जुळवणारी सेटिंग) ‘वर्ल्ड-रेडी’ करा. एकही फाईल उघडी नसताना केलं की पुढच्या नव्या फायलींना आपोआप लागते.

इनडिझाईनऐवजी झीलेटेक (XeLaTeX) या कोड लिहून पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी फॉन्टच्या नावासोबत स्क्रिप्ट देवनागरी हेही लिहावं, नाही तर तिथंही जोडाक्षरं तुटतात.

इंग्रजी शब्द सिलेक्ट करून हातानं फॉन्ट देत फिरू नका. इनडिझाईनमध्ये एक कॅरेक्टर स्टाईल (अक्षरांची ठरवून ठेवलेली सेटिंग) बनवा, तिच्यात फॉन्ट आणि लँग्वेज दोन्ही टाका, नाही तर स्पेलचेक इंग्रजी शब्द मराठी समजून तपासते. ग्रेप स्टाईलनं, म्हणजे ठरावीक अक्षरं स्वतः शोधणाऱ्या नियमानं, ए ते झेड पकडून ती आपोआप लागते. हा एकच शॉर्टकट मी मानतो, कारण तो लावायच्या आधी बसून विचार करावा लागतो.

आकडे देवनागरी की इंग्रजी हे पहिलं पान लावायच्या आधीच पार्टीकडून लिहून घ्या.