बायबल वाचन वर्षानुवर्षं टिकवायचं कसं

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत बरेच जण ठरवतात की यंदा पूर्ण बायबल वाचायचंच. जानेवारीत उत्पत्ती हे पहिलं पुस्तक भराभर होतं, निर्गममध्ये तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत तर हातातून ठेववत नाही, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पडदे किती हात लांब, फळ्या किती, आणि फेब्रुवारी उजाडता उजाडता लेवीय हे तिसरं पुस्तक आलं की गाडी अडते. याचं कारण भक्ती कमी असं अजिबात नाही, हिशोबच तसा आहे. एकूण अध्याय ११८९, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार, म्हणजे लग्नाला चार दिवस गावी जाऊन आलात की तेरा अध्याय थकले, आणि एकदा थकबाकी झाली की माणूस पुस्तक उघडायलाच टाळतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला सवय आयुष्यभर हवी आहे त्याने एका वर्षाचा प्लॅन आधी बाजूला ठेवावा. नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एकच वाचला तरी बावन्न आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो, शनिवार सुटलेल्यासाठी आणि रविवारी चर्च आहेच. जुन्या कराराचे, म्हणजे पहिल्या भागाचे, ९२९, त्याच वेगाने साडेतीन वर्षांच्या थोडं वर जातात. म्हणजे पाच वर्षांच्या आत सगळं बायबल, तेही समजून. आणि शनिवारीही भरून निघालं नाही तर राहिलेलं सोडून द्या, आजच्या तारखेपासून पुढे चला, नंतर कधीतरी ते वाचून होतंच.

सुरुवात नव्या करारातल्या मार्कपासून करा, सोळाच अध्याय आहेत. मग उत्पत्ती, मग प्रेषितांची कृत्ये, असं एक पुस्तक पूर्ण झाल्यावरच दुसरं घ्या, आज इथलं वचन उद्या तिथलं असं करू नका, त्याने मागचा-पुढचा संदर्भच हातात राहत नाही. लेवीय टाळायचं नाही पण नुसतं तेवढंच पण वाचायचं नाही, सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, वाचलात की लगेच इब्री लोकांस पत्राचा नववा आणि दहावा अध्याय काढा. मुख्य याजक वर्षातून एकदा रक्त घेऊन निवासमंडपाच्या परमपवित्रस्थानात का जायचा आणि ख्रिस्ताने एकदाच काय केलं ते समोरासमोर दिसतं, मग लेवीय कंटाळवाणं वाटत नाही.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला जोडा, सकाळचा चहा झाला की लगेच, किंवा रात्री जेवणं आवरली की. बायबल कपाटात नको, जिथे बसता तिथेच खूण घालून ठेवा आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. शिफ्टवाल्यांनी, लोकलने जाणाऱ्यांनी ऑडिओ बायबल लावावं, ऐकणं हे पण वाचनच आहे, पण अभ्यासासाठी छापील पान हवं असं मला तरी वाटतं.

आता अभ्यास. साधी दोनशे पानी वही पुरे, रोज तीन गोष्टी लिहायच्या: काय घडलं, कशाचं नवल वाटलं, आज मी काय करू. उदाहरणार्थ मार्कचा पाचवा अध्याय घ्या. रक्तस्राव होणारी बाई बारा वर्षं आजारी, आणि याईराची मुलगी बारा वर्षांची! एक जन्मली त्याच सुमाराला दुसरीचं दुखणं सुरू झालं. याईर सभास्थानाचा अधिकारी, मरणाच्या दारातल्या लेकीसाठी पाया पडतोय, आणि येशू वाटेत थांबून त्या बाईला 'मुली' म्हणून हाक मारतो. त्या थांबण्यात याईराच्या जिवाचं काय झालं असेल? हे सगळं त्या पानावरच आहे, फक्त हळू वाचलं तर दिसतं. टीकाग्रंथ (बायबल समजावून सांगणारी पुस्तकं), यूट्यूबवरचे संदेश नंतर बघा, आधी स्वतःची वही.

आजारपण, परीक्षा, घरात कुणी गेलेलं, अशा दिवसांत अध्याय झेपत नाही. तेव्हा ११७ वं स्तोत्र वाचा, दोनच वचनं आहेत. मन फारच जड असेल तर १३ वं, 'हे परमेश्वरा, कुठवर?' असंच सुरू होतं ते, प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तेव्हा तेच मोठ्याने म्हणा.

आणि सोबत एक माणूस हवाच, नवरा-बायको, बहीण, चर्चमधलं कुणी. मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप नको, तिथे गुड मॉर्निंगच जास्त येतात. आठवड्यातून एकदा फोन करून एवढंच विचारायचं, या आठवड्यात काय वाचलंस आणि कुठे अडलास.

एक फेरी पूर्ण झाली की दुसरीला भाषांतर बदला. बायबल सोसायटीचं वाचलं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या, हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी ते केलं आणि १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून आलं. पाठ झालेल्या ओळी वेगळ्या शब्दांत समोर आल्या की डोळे आपोआप थांबतात.